निळ्या ड्रमातला कडीपत्ता

त्यो ड्रम मी आनला. कुनी आनाय सांगितला न्हवता. ल्योक शिरवळला कंपनीत लागला, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आन् मला गावाकडनं घिऊन आला. घर दुसऱ्या मजल्यावर. पायाखाली माती न्हाई. जलम मातीत गेलेला, आता सकाळी उटून करायचं काय? गॅलरीत हुबं राहायचं आन् हायवेच्या गाड्या बगायच्या. मंग म्हनलं, एक कडीपत्ता तरी लावू. आमटीला चार पानं घरची हुतील.

रोप कोरेगावाकडनं आनलं. तिकडं मी लय वरसं लोकांच्या उसात खुरपाय जायची. त्या मळ्याच्या बांधावर कडीपत्त्याचं जुनं झाड हुतं. त्येच्या मुळांतनं आजूबाजूला पोरं फुटत्यात. त्यातलं एक मुळासकट काडलं, वल्ल्या फडक्यात गुंडाळलं आन् यष्टीत मांडीवर घिऊन बसले. कंडक्टर म्हनला, "आजी, लेकराचं तिकीट काडू का?" मी म्हनलं, "अर्धं काड, आजून रांगत बी न्हाई." समदी गाडी हसली.

कुंडीत त्ये मावंना. कडीपत्त्याचं मूळ सरळ खाली जातंय, त्येला खोल जागा लागती. आमच्या घरामागं भंगाराचं दुकान हाय. तितं कंपन्यांतनं निळं ड्रम येत्यात. कुनी पानी भराय नेतंय, कुनी मदी कापून झाडं लावतंय. मी एक कापलेला अर्धा ड्रम उचलला. त्येला कागद चिकटलेला हुता, अर्धा फाटका, वर बारीक बारीक अक्षरं. मला अक्षर येत न्हाई. म्हसवडाकडचं आमचं गाव, मी दुसरीत असताना पाऊस गेला, आयबा खडी फोडाय गेलं, आन् धाकट्याला संबाळाय मी घरी राहिले ती राहिलेच. तर कागद म्हंजी मला नुसता मळ. वीट घिऊन घासून घासून त्यो काडला. एक अक्षर ठिवलं न्हाई.

मंग ड्रम राखंनं घासला. शेनाच्या पान्यानं धुतला. आट दिवस गच्चीवर उनात पालथा घातला. आमच्यात असंच हाय. डबा तेलाचा आसू दे न्हाईतर रॉकेलचा, राख लावली, ऊन दावलं, की त्यो चांगला. दुष्काळात माजी आय रॉकेलच्या डब्यातच पानी भरायची. वास यायचा. आमी नाक धरून प्यायचो. कुनी मेलं न्हाई. म्हनून माज्या मनात कवा आलंच न्हाई, की राख आन् ऊन पुरत न्हाई असं बी काय असंल.

ड्रमाच्या बुडाला तापल्या सळईनं भोकं पाडली, खापऱ्या घातल्या, तांबडी माती आन् लेंडीखत घातलं. पंधरा दिवसांनी आंबट ताक वतायचं, ताक न्हाई गावलं तर भांड्याची धुवन. हातभर झालं की शेंडा खुडायचा. लोकांना वाटतंय म्हातारी झाड मारती. पर शेंडा खुडल्याबिगर बाजूनं फांद्या येत न्हाईत. माजं झाड दुसऱ्या सालाला कंबरंला आलं.

त्याच साली सून आली. बारावी शिकलेली, बोलाय गोड. मला आत्या म्हनती. तिला कडीपत्ता लय आवडायचा. लोक ताटाच्या कडंला काडून ठिवत्यात, ही चावून खायची. मी म्हनायची, "शेळी हायस गं तू." ती म्हनायची, "मंग दावं बांदा, न्हाईतर झाड संपवीन."

तिला पैल्या खेपंला तिसऱ्या म्हैन्यात गेलं. वरसानं दुसऱ्यांदा राहिलं, ते बी तसंच गेलं. मी तिला काय बोलले न्हाई. माजी सोताची दोन गेलीत, मला म्हाईत हाय त्यात कसं असतंय. नुसतं तिचं डोकं चेपत बसायची.

तिसऱ्या खेपंला चौथा म्हैना लागला तवा घरात जरा हवा आली. डॉक्टरीनबाय म्हनली, रगत कमी हाय, हिरवं खावा. मला काय, घरात हिरवंगार झाड. रोज मूठभर पाला तोडायची, तव्यावर कुरकुरीत भाजायची, तीळ, सुकं खोबरं, लसूण घालून चटनी कुटायची. रोज ताजी. आमटीत पाला, ताकात पाला. दीड म्हैन्यानं रगत तपासलं तर वाढलेलं. ल्योक म्हनला, "आई, तुजा कडीपत्ता गोळ्यांना भारी पडला." मी मनात फुगले. खोटं कशाला बोलू.

त्या फुगण्यातच मी भंगाराच्या दुकानात गेले. म्हनलं आनकी एक अर्धा ड्रम आनावा, दुसरं रोप लावावं, बाळंतपनाला पाला कमी पडाय नको.

भंगारवाला वळखीचा. म्हनला, "आजी, ड्रम कशाला? पानी भराय पायजे तर त्यो पांढरा न्या, त्यात तेल हुतं. निळा नगा न्हिऊ."

मी म्हनलं, "का रं? मागं निळाच न्हेलाय की."

"त्यो तुमी शोभेच्या झाडाला न्हेला आसंल."

"शोभेचं काय करू मी? कडीपत्ता लावलाय."

त्यो हातातला तराजू खाली ठिवून माज्याकडं बगाय लागला. "खाता व्हय त्येचा पाला?"

मी म्हनलं, "व्हय."

"आवं आजी, निळ्यात काय असतंय काय सांगावं! कशात गोंद, कशात साबन, कशात तननाशक. वरचा कागद बगितला न्हाई व्हय?"

कागद मीच विटंनं घासला हुता. त्यो हसत म्हनला, "जाऊंद्या, तुमाला काय हुतंय, जुनं हाड." मी बी हसले. पर घरी येताना जिना सरंना. कटड्याला धरून मधीच बसले.

तननाशक म्हंजी काय, ते मी बगितलंय. त्याच मळ्यात एकदा बादलीत औषध कालवून ठिवलं हुतं, फवारायच्या आदी मानसं भाकरी खाय बसली. रेडकू सुटून आलं आन् त्येनं बादलीत तोंड घातलं. चार घोट. सांजच्याला त्येनं पाय झाडलं, डोळं तसंच उगडं. कोवळं रेडकू, दूद पिनारं. जिन्यात बसून मला त्येचं डोळं दिसाय लागलं.

आन् मंग दुसरी गोष्ट मनात आली, ती त्येच्याहून वंगाळ. पैल्या दोन खेपंला बी सून ह्योच पाला खात हुती. ह्योच ड्रम. ह्योच झाड. तवा ते बी माज्या हातानंच?

घरात गेले तर सून पाय पसरून बसलेली. म्हनली, "आत्या, आज चटनी न्हाई केली?"

मी म्हनलं, "पाल्यावर कीड पडलीया. आट-पंधरा दिवस नगं."

ती उटून गॅलरीत गेली, पान उलटं करून बगितलं. "कुटं हाय कीड? सोन्यासारकी पानं हायत."

"बारीक हाय. तुला दिसनार न्हाई."

"तुमाला चष्म्याबिगर दिसती, मला दिसत न्हाई व्हय?" हसून तिनं चार पानं खुडली आन् तोंडात टाकली. माज्या देखत. मी हात पुडं केला, पर धरला न्हाई. धरला असता तर सांगावं लागलं असतं.

त्येच्यापुडचं दीस मी कसं काडलं ते माजं मला म्हाईत. जेवन जात न्हवतं. सून झोपली की मी तिच्या प्वाटाकडं बगत बसायची. हाललं का? सकाळी हाललं, दुपारी का न्हाई? तिला इचारायची, "लाथ मारतंय का गं?" ती म्हनायची, "कितीदा इचाराल आत्या? त्येला बी झोप हाय का न्हाई?" तिच्या प्वाटात जरा कळ आली की मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाऊन बसायची. झाडाला मी पानी बंद केलं. म्हनलं वाळून जाऊ दे, म्हंजी काय सांगायचीच येळ येनार न्हाई. पर ते वाळंना. सुनंला वाटायचं म्हातारी इसरली, ती पानी घालायची.

तोडून टाकावं म्हनलं, तर टाकायचं कुटं? खाली रस्त्यावर मोकाट गाया, पलीकडं शेरडं. कुनी बी तोंड घातलं तर? जाळावं, तर धूर घरातच येनार, तिच्याच नाकात जानार. शेतात असते तर खड्डा काडून पुरलं असतं. हितं दुसऱ्या मजल्यावर इखारी झाड टाकाय बी जागा न्हाई.

ल्योकाला सांगावं असं रोज वाटायचं. त्यो पाळीवरनं दमून यायचा, जेवायचा, झोपायचा. मी तोंड उगडायची आन् म्हनायची, "भाजीत मीट बरूबर हाय न्हवं?"

सातव्या म्हैन्यात ओटी भरली. दुसऱ्या दिवशी सुनंची आय तिला बाळंतपनाला न्ह्याय आली. माजी ईनबाय कोरेगावच्या बाजूचीच, आवाज मोटा, मन साफ. आल्या आल्या म्हनली, "ईनबाय, तुमच्या कडीपत्त्यानं माज्या लेकीचं रगत वाढलं म्हनं! आमी काजू-बदाम धाडलं ते गेलं व्हय वाया? आता एक पिशवी भरून पाला द्या संगं. आन् एक पोरगं बी द्या काडून, मी दारात लावती. बाळंतिनीला रोज ताजा पाला."

मी म्हनलं, "आता नगं. पावसाळ्यात लावा."

"आवं, कडीपत्त्याला कसला पावसाळा? कवा बी लागतोय." असं म्हनून ती सोताच गॅलरीत गेली. माजं खुरपं तितंच खोवलेलं. तिनं ते काडलं, पदर खोचला आन् ड्रमाच्या कडंला माती उकराय बसली. बुडाशी दोन पोरं फुटली हुती.

मी तिचं मनगट धरलं. "हात लावू नगासा."

ती वर बगून म्हनली, "का वो? एका रोपाची बी माया सुटंना व्हय? लेक दिली तुमाला, तुमाला पोरगं द्याय जिवावर आलं?"

सून दारात हुबी हुती, हसत हुती. ल्योक पिशव्या बांदत हुता. मी म्हनलं, "इखारी आसंल ते."

"काय?"

"झाड इखारी आसंल. ड्रम औषधाचा आसंल. मला म्हाईत न्हाई. भंगारवाला म्हनला."

मंग मी खाली बसले आन् समदं सांगितलं. कागद घासला ते, राख लावली ते, कीड पडली म्हनून खोटं बोलले ते. ईनबायच्या हातातनं खुरपं पडलं. तिनं हात पदराला पुसलं, परत पुसलं, पुसतच राहिली. मंग सुनंनं एकच इचारलं.

"आत्या, मागच्या दोन खेपंला बी ह्योच पाला हुता न्हवं?"

झाड तवा ल्हान हुतं, जास्त पाला निगायचा न्हाई, असं म्हनता आलं असतं. पर ती सरळ माज्या डोळ्यांत बगत हुती. मी म्हनलं, "व्हय."

ती आत गेली आन् दार लावून घेतलं.

ईनबाय मला म्हनली, "अडानी मानूस इख बी घालील आन् वर म्हनल औषध घातलं! माजी लेक आता तुमच्या हातचं खानार न्हाई, सांगून ठिवती." मी ऐकून घेतलं. खरं हुतं ते.

ल्योक हातातली पिशवी ठिवून ड्रमापाशी आला. मंग म्हनला, "आई, त्यो कागद मी बी बगितला हुता. तू घासत हुतीस तवा मी शेजारनं गेलो. मला वाचाय येतंय. मी बी वाचला न्हाई." त्येनं ड्रम तिरपा केला. बुडाला नंबर कोरलेला हुता. त्येनं फोटो काडून कंपनीतल्या स्टोअरच्या मानसाला धाडला. उत्तर आलं, ह्या नंबरावरनं काय कळत न्हाई, आसल्या ड्रमात काय बी येतंय.

त्याच दिवशी समदी डॉक्टरीनबायकडं गेलो. तिनं सोनोग्राफी केली. आमी भाईर बाकड्यावर. ईनबाय त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मधी दोन मानसं बसतील येवडी जागा, तितं कुनी बसलं न्हाई. मंग आत बोलावलं. डॉक्टरीनबाय म्हनली, "बाळ व्यवस्थित दिसतंय. वाढ बरोबर आहे. पाला बंद करा आणि काळजी करू नका."

मी इचारलं, "आन् मागची दोन?"

ती म्हनली, "आजी, ते कुणीच सांगू शकणार नाही. असं कितीतरी जणींचं होतं, काहीच कारण नसताना."

लोकांना वाटंल, हे ऐकून मला बरं वाटलं आसंल. न्हाई वाटलं. व्हय म्हनली असती तर मी गुन्हेगार, न्हाई म्हनली असती तर सुटले. ती म्हनली सांगता येत न्हाई. आता ते मी मरंपातूर संगं न्ह्यायचं.

सून गेली म्हायेरी. जाताना पाया पडली, पर बोलली न्हाई. दोन म्हैनं फोन ल्योकाला यायचा. त्यो बोलून झाला की मी त्येच्या तोंडाकडं बगायची. त्यो म्हनायचा, "बरी हाय." येवडंच.

त्या दोन म्हैन्यांत झाड फुललं. पांढऱ्या फुलांचं घोस आलं, मंग फळं धरली, हिरवी, तांबडी, काळी. बुलबुल यायचं फळं खायला. मी काठी घिऊन बसायची आन् पाखरं हाकलायची. शेजारीन वरनं म्हनायची, "आजी, खाऊ द्या की पाखरांना, पुन्य लागंल!" मी म्हनायची, "मला नगं पुन्य." शेवटी ल्योकानं झाडाचं तुकडं केलं, पोत्यात घालून तोंड शिवलं, माती बी दुसऱ्या पोत्यात भरली, आन् कंपनीचा इखारी कचरा जितं जातो तितं सायबाला इनंती करून दिलं. ड्रम त्येनं करवतीनं कापला, म्हंजी परत कुनी न्हिऊन त्यात काय लावू नये.

पोरगी झाली. फोन आला तवा मी इचारलं, "बोटं समदी हायत?" ल्योक म्हनला, "आई, समदी हायत. रडती बी जोरात." तरी मी कोरेगावला जाईपातूर पान्याचा घोट घेतला न्हाई. ईनबायच्या दारात हुबी राहिले. आत बोलावत्यात का न्हाई, कळंना. ईनबाय भाईर आली, बगितलं, म्हनली, "हुबं काय राहिलाय? पाय धुवा." येवडंच म्हनली. मी पाय धुतलं. लेकराचं दुपटं सोडून नखापास्नं टाळूपातूर बगितलं. टाळी वाजवली, ती दचकली. दिवा फिरवला, डोळं फिरलं. सून पडल्या पडल्या बगत हुती. मी पोरीला मांडीवर घेतलं न्हाई, परत दुपट्यात गुंडाळून तिच्या कुशीत ठिवलं.

चौथ्या म्हैन्यात ती परत शिरवळला आली. माज्याशी बोलायची, पर कामापुरतं. सयपाक तीच करायची. मी भांडी घासायची आन् लेकराकडं लांबनं बगायची. मान धरली का, पालथी पडली का, हाक मारल्यावर वळती का. एक एक झालं की एक दिवस बरा जायचा, दुसऱ्या दिशी परत भ्या.

सा म्हैन्यांची झाली तवा उष्टावन केलं. मामानं घास भरवला, फोटो झालं, पावनं गेलं. दुसऱ्या दिशी सकाळी सून मऊ भात घिऊन बसली. लेकरू मांडीवर वळवळतंय, हात मोकळा न्हाई. मला म्हनली, "आत्या, तुमी भरवा."

मी म्हनलं, "तूच भरव."

"का?"

"माजा हात नगं."

ती जरा चिडलीच. "मंग काय जलमभर ह्या कोपऱ्यात बसून बगनार हाय का तिच्याकडं? मला राग हाय आत्या, खोटं बोलत न्हाई. कवा जाईल ते बी म्हाईत न्हाई. पर तुमी त्या दिवशी आयला पाला न्हिऊ दिला न्हाई. न्हिऊ दिला असता तर कुनाला कळलं असतं?" आन् तिनं वाटी माज्यापुडं सरकावली.

वाटी स्टीलची, मीच घासलेली. तरी मी उटून परत घासली, गरम पान्यानं इसळली. भात तिच्याच पातेल्यातनं नवा घेतला. पैला घास मी सोता खाल्ला. बसून राहिले. सून बगत हुती, ती हसली न्हाई, तिनं घाई केली न्हाई. पोरगी माज्या हाताकडं बगून तोंड उगडत हुती, मिटत हुती.

मंग मी तिला बोटाच्या टोकावर चार शितं भरवली. तिनं गिळली. मी लय येळ तिच्या तोंडाकडं बगत राहिले, आन् मंग दुसरा घास घेतला.